अमेरिकी राजकारणाचे वर्षफल : गणित किती, फलित किती?

गुढीपाडव्याला पंचांगातील संवत्सरफल वाचण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. अमेरिकेतील वृत्तपत्रांत डिसेंबर संपताना असेच एक वर्षफल प्रसिद्ध होते; त्यात ग्रहांऐवजी सिनेटर आणि राज्यपाल असतात, एवढेच. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे स्तंभलेखक विल्यम सफायर तर पुढील वर्षाची राजकीय भाकिते अनेक वर्षे बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात देत आणि वाचकांनाही पर्याय निवडायला लावत.

तिथी, वार, ग्रहण ही पंचांगातील गणिताची बाब. पाऊसपाणी आणि राजाप्रजेचे सुखदुःख हे फलित. अमेरिकी राजकारणाच्या भाकितांचेही असेच दोन भाग पडतात. त्यांतील पहिला भाग आश्चर्य वाटावे इतका पक्का असतो आणि दुसरा भाग तितकाच कच्चा.

पक्का भाग आधी पाहू. प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांची निवडणूक दर दोन वर्षांनी, सम वर्षी होते. सिनेटच्या शंभरपैकी सुमारे एकतृतीयांश जागा त्याच दिवशी भरल्या जातात. मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, हा नियम १८४५ च्या कायद्याचा. चारने भाग जाणाऱ्या वर्षी अध्यक्षाची निवड होते आणि पुढील २० जानेवारीला शपथविधी. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर खर्चाची विधेयके संमत झाली नाहीत, तर सरकारी कार्यालये बंद पडू शकतात. २०१८-१९ मध्ये ती अंशतः ३५ दिवस बंद होती, तर २०२५ मध्ये ४३ दिवस. सर्वोच्च न्यायालयाचे सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आणि वादग्रस्त निकाल बहुधा जूनअखेर लागतात. सरकार पडले म्हणून निवडणूक, हा प्रकार तेथे नाही. भारतात मध्यावधी निवडणूक ही राजकीय अपघाताची खूण मानली जाते. अमेरिकेत मात्र अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर येणारी मध्यावधी निवडणूक ठरलेल्या तारखेलाच होते.

या मध्यावधीचे एक अनुमानही जवळजवळ गणितात जमा झाले आहे. अध्यक्षाच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा तीत घटतात. १९९४ मध्ये बिल क्लिंटन यांच्या पक्षाने पन्नासहून अधिक जागा आणि चाळीस वर्षांचे बहुमत गमावले. २०१० मध्ये बराक ओबामा यांच्या पक्षाच्या ६३ जागा गेल्या, तर २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या पक्षाच्या सुमारे ४०. विसाव्या शतकापासूनचे ठळक अपवाद तीनच, १९३४, १९९८ आणि २००२. पहिल्या वेळी महामंदी होती, तिसऱ्या वेळी ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची सावली. मधला अपवाद अधिक बोलका आहे. क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाच्या वातावरणात रिपब्लिकन पक्षाचा मोठा लाभ होईल, असे सभापती न्यूट गिंग्रिच यांना वाटत होते. प्रत्यक्षात डेमोक्रॅट्सच्या पाच जागा वाढल्या आणि काही दिवसांतच गिंग्रिच यांनी पद सोडण्याची घोषणा केली.

२०२२ मध्ये 'लाल लाट' येणार, असे भाकीत होते. (अमेरिकेत लाल रंग रिपब्लिकनांचा, मराठी वाचकाला तो डाव्यांचा वाटणे साहजिक आहे.) लाटेऐवजी रिपब्लिकनांना २२२ विरुद्ध २१३ असे काठावरचे बहुमत मिळाले आणि सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सची एक जागा उलट वाढली. दिशा बरोबर ठरली, माप चुकले.

फलिताचा कच्चेपणा पाहायचा, तर २००७ च्या अखेरीस २००८ विषयी काय मानले जात होते, ते आठवावे. देशव्यापी जनमत चाचण्यांत डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन ओबामांच्या बऱ्याच पुढे होत्या. रिपब्लिकन पक्षात वर्षाचा बहुतेक काळ न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी ज्युलियानी आघाडीवर होते. जॉन मॅक्केन यांची मोहीम उन्हाळ्यातच निधीअभावी खिळखिळी झाली होती, त्यामुळे त्यांना जमेस धरणारे थोडेच.

पहिला धक्का नववर्षाच्या तिसऱ्याच दिवशी बसला. आयोवात ओबामा ३८ टक्क्यांनी जिंकले आणि क्लिंटन जॉन एडवर्ड्स यांच्याही मागे, तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. मग क्लिंटन संपल्या, असे भाकीत झाले. पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये चाचण्या ओबामांचा विजय सांगत असताना क्लिंटन जिंकल्या. ज्युलियानी यांनी सारी मदार २९ जानेवारीच्या फ्लोरिडावर ठेवली होती. तेथे ते तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धेबाहेर पडले. मार्चच्या प्रारंभी रिपब्लिकन उमेदवारी निश्चित झाली ती मॅक्केन यांची. डेमोक्रॅटिक उमेदवारीचा निकाल लागायला जून उजाडला.

तरीही त्या डिसेंबरमध्ये एक गोष्ट नीट वर्तवता येत होती. जॉर्ज बुश यांची लोकप्रियता घसरलेली होती, इराकचे युद्ध लांबले होते आणि १९५२ पासून एकाच पक्षाला सलग तिसऱ्यांदा अध्यक्षपद फक्त १९८८ मध्ये मिळाले होते. म्हणजे पक्ष कोणता जिंकेल, याचा अंदाज बांधता येत होता. माणूस कोणता, याचा नव्हे. मंदीची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. मंदीचा प्रारंभ डिसेंबर २००७ मध्येच झाला होता, असे नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेने जाहीर केले ते १ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे ओबामा निवडून आल्यानंतर. पुढील वर्षाची भाकिते लिहिली जात होती, तेव्हा त्या वर्षाचा सर्वांत मोठा प्रश्न दारात येऊन उभा होता.

हा दोष कोणा एका पंडिताचा नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांची भाकिते दीर्घकाळ नोंदवून २००५ मध्ये ग्रंथरूपाने निष्कर्ष मांडले. एकाच मोठ्या सिद्धान्ताला चिकटून राहणारे तज्ज्ञ अधिक चुकतात, हा त्यांतील एक. दूरचित्रवाणीला मात्र असेच तज्ज्ञ प्रिय असतात.

अमेरिकेच्या या पंचांगाशी भारताचा थेट संबंध आला तो त्याच २००८ मध्ये. अणुकराराला अमेरिकी काँग्रेसची अंतिम संमती हवी होती आणि निवडणुकीमुळे सप्टेंबरअखेर काँग्रेस विसर्जित व्हायची होती. मनमोहन सिंग सरकारने २२ जुलैला विश्वासदर्शक ठराव जिंकला, १ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची संमती मिळाली आणि ६ सप्टेंबरला अणुपुरवठादार गटाची सवलत. या वाटाघाटींत अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांचा मोठा वाटा होता. पण हाइड कायद्यानुसार करार काँग्रेसपुढे सलग तीस दिवस राहणे आवश्यक होते आणि तितके दिवस उरलेच नव्हते. गणित मांडणाऱ्यांनी करार पुढील अध्यक्षावर ढकलला गेला, असे धरले असते तर त्यांना दोष देता आला नसता. प्रत्यक्षात काँग्रेसने ती अटच बाजूला सारली. २७ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने आणि १ ऑक्टोबरला सिनेटने ८६ विरुद्ध १३ मतांनी करार संमत केला. बँका सावरण्याचे विधेयकही सिनेटने त्याच दिवशी मंजूर केले. बँकांसाठी काँग्रेस थांबली नसती, तर करारासाठी तरी किती थांबली असती, हा प्रश्न उरतोच.

पुण्या-मुंबईतील अनेक घरांत मात्र अमेरिकी वर्ष मोजले जाते ते एच-१बी व्हिसावरून. एप्रिलच्या सुमारास अर्ज, १ ऑक्टोबरपासून नोकरी, हे त्यांचे पंचांग. या व्हिसाचा मूळ वार्षिक कोटा ६५ हजार. अमेरिकेत उच्चशिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. 'यंदा कोटा वाढणार' हे भाकीत वारंवार झाले. २००७ मध्ये स्थलांतर सुधारणांचे विधेयक सिनेटमध्येच अडले. २०१३ मध्ये कोटा वाढवणारे विधेयक सिनेटमध्ये संमत झाले, पण प्रतिनिधिगृहाने ते विचारातच घेतले नाही. दोन सभागृहे आणि अध्यक्ष या तिघांची संमती लागणारा कायदा 'यंदा होणार नाही', असे म्हणणाऱ्याचे भाकीत म्हणूनच बहुधा खरे ठरते.

अध्यक्षाच्या आदेशाला मात्र तिथी लागत नाही. १९ सप्टेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी, ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला. तो रविवारपासूनच लागू होणार होता. जुन्या व्हिसाधारकांना हे शुल्क नाही, हा खुलासा शनिवारी आला. तोवर सुटीसाठी भारतात आलेल्या अनेकांनी मिळेल त्या विमानाने परतीची तिकिटे काढली होती.