गिरणीचा आगवाला

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास लिहिताना शेटजींची, जॉबरांची आणि विणकरांची नोंद आवर्जून होते. परंतु १८५६ साली ताडदेवास कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी सुरू झाल्यापासून ज्याच्या फावड्यावर साऱ्या यंत्रांची गती अवलंबून होती, त्या आगवाल्याची दखल क्वचितच घेतली जाते. बॉयलरच्या भट्टीत कोळसा जाड थरात लोटला, तर हवा अपुरी पडून न जळलेला कार्बन काळ्या धुराच्या रूपाने धुराड्यातून निघून जाई; वाजवीपेक्षा अधिक हवा घेतली, तर तीच उष्णता घेऊन पसार होई; म्हणून थोडथोडा कोळसा वारंवार व समपातळीत पसरणे आणि ज्वालेचा वर्ण पाहून झडप लावणे, ही विद्या तो अनुभवानेच संपादन करी. पाणी दर्शविणाऱ्या काचनळीवरून त्याची नजर ढळून चालत नसे, कारण पातळी खालावून तापलेला पत्रा मऊ पडला, की स्फोटाचे संकट उभेच. असे कौशल्य कारागिराच्या प्रतिष्ठेस सर्वथा पात्र होते, असे माझे निश्चित मत आहे. सरकारने १९१२ साली मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला आणि १९२३ च्या बॉयलर कायद्याने तपासणी व दाखला सक्तीचा ठरविला. १९१५ पासून खोपोलीची वीज गिरण्यांस मिळू लागली; तरी खळ आणि रंगाई यांसाठी वाफ लागतच राहिली.