वॉर्डातून दिसणारा गर्भपात

गर्भपाताच्या गोळ्या घातक असतात, त्या घेतल्या की पुढे दिवस राहत नाहीत, आणि मुलींची संख्या घटण्यामागेही त्याच आहेत, असे तीन आरोप आपल्याकडे एका दमात केले जातात. पहिल्या आरोपाचे वजनदार साक्षीदार म्हणजे सरकारी रुग्णालयातले डॉक्टर. रात्री दोनला भिजलेल्या साडीतली बाई येते, हिमोग्लोबिन पाचावर आलेले असते आणि सोबतची जाऊ हळूच सांगते, ‘मेडिकलातून गोळ्या आणल्या होत्या.’ हे ज्यांनी पाहिले त्यांचे पाहणे खरेच आहे.

अनुमान मात्र सदोष आहे. वॉर्डात येते ती अडलेली बाई. जिला घरी काही तास कळा आल्या, पाळीपेक्षा जास्त रक्त गेले आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ते थांबले, ती डॉक्टरांना दिसतच नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या २०१८ च्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी. दोष मूळ औषधातच असता, तर एवढ्या बायकांना कोणत्या वॉर्डात जागा पुरली असती?

मिफेप्रिस्टोन गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे काम रोखते. एक-दोन दिवसांनी घेतलेले मिसोप्रोस्टॉल पिशवीला आकुंचन आणते. रक्त जाणे ही औषधाची क्रियाच असल्याने त्याला सरसकट गुंतागुंत म्हणता येत नाही. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड भिजू लागले तर ती गुंतागुंत. ताप दिवसभर उतरला नाही, घाण वास येऊ लागला, तरी थांबू नये. नऊ आठवड्यांच्या आत योग्य मात्रेत घेतल्यास शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणींचा गर्भपात पूर्ण होतो. साधारण एखादीचा गर्भ वाढत राहतो, म्हणून फेरतपासणी टाळायची नसते.

विरोधकांचा एक मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. गर्भ नळीत असेल तर या गोळ्या काही करत नाहीत. उलट थोडे रक्त गेले की बाईला वाटते, सुटले, आणि इकडे नळी फुटते. तीव्र रक्तक्षय, रक्त पातळ करणारी औषधे, आत बसवलेली तांबी, हे सगळे आधी विचारून घ्यावेच लागते. म्हणूनच कायद्याने या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायच्या आहेत.

पण डॉक्टरांकडूनही एक चूक होते, तिची चर्चा कमी होते. नंतरच्या सोनोग्राफीत पिशवीत थोडे काही दिसले की लगेच ‘पिशवी साफ करून घ्या’. रक्तस्राव कमी होत असेल, ताप-दुखणे नसेल, तर तो अवशेष बहुधा आपोआप पडतो. विनाकारण केलेले क्युरेटिंग मग गोळीच्या दुष्परिणामांच्या खात्यात जमा होते.

पुढे दिवस न राहण्याच्या भीतीला आधार नाही. डेन्मार्कमधल्या सुमारे १२ हजार बायकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेने गर्भपात केलेल्यांच्या तुलनेत गोळ्या घेतलेल्यांत नंतर नळीतला गर्भ, आपोआप पडणे वा अपुऱ्या दिवसांची प्रसूती वाढलेली आढळली नाही.

उरला लिंगनिवडीचा आरोप. कायद्याने गोळ्यांची मुदत नऊ आठवड्यांची, आणि सोनोग्राफीत लिंग भरवशाने दिसते ते तेराव्या-चौदाव्या आठवड्याच्या सुमारास. चौथ्या महिन्यात कोणी या गोळ्या घेतल्या असतील, तर तो कायदा मोडून केलेला आणि जिवावर बेतणारा वापर. तरीही २०१२ मध्ये परळीतले बेकायदा लिंगनिवडी गर्भपातांचे प्रकरण गाजल्यानंतर राज्यात तपासण्यांचा असा धाक बसला की अनेक औषधविक्रेत्यांनी या गोळ्यांचे किट ठेवणेच सोडले. डॉक्टरांची चिठ्ठी हातात असलेल्या, सहाव्या आठवड्यातल्या बाईलाही ‘ठेवत नाही’ हेच उत्तर मिळते. मग ओळखीतून सुट्या गोळ्या मिळेपर्यंत तिचा दहावा आठवडा उजाडतो आणि मात्रा सांगायला कोणी नसते. अशी बाई रात्री वॉर्डात आली, तर ‘गोळ्या घेतल्या’ एवढ्यावर न थांबता केसपेपरवर लिहिले जावे: कितव्या आठवड्यात, किती, आणि आधी कोणी तपासले होते का.