काकांची कॅसेट आणि डब्यात राहिलेल्या मैफली

आज आपल्या टेबलावर एक व्हीएचएस कॅसेट आहे. काळी, जाड, वर बॉलपेननं लिहिलंय 'गणपती, ऑर्केस्ट्रा'. साल १९८९, ठिकाण आमचं कसबा बावडं. गल्लीत मांडव, लग्नाचं शूटिंग करणारा एक व्हिडिओवाला, आणि स्टेजवर गाणारे माझे काका. ही कॅसेट त्यांनी हयातभर कुणाला लावू दिली नाही. विचारलं की म्हणायचे, "त्या दिवशी सूर लागला नव्हता रे." गेल्या वर्षी काका गेले. कॅसेट काकीनं माझ्या हातात दिली.

आता जरा लांब जाऊया, लंडनला. ११ डिसेंबर १९६८. रोलिंग स्टोन्सनी टीव्हीसाठी सर्कसचा तंबू थाटून मोठा कार्यक्रम शूट केला. जॉन लेनन होता, द हू होते. शूटिंग लांबत गेलं आणि स्टोन्सची स्वतःची पाळी आली तेव्हा पहाट व्हायला आलेली. सगळे दमलेले. द हूनी मात्र आधीच स्टेज गाजवून ठेवलं होतं. आपल्याच कार्यक्रमात आपणच फिके पडलो असं स्टोन्सना वाटलं, आणि फिल्म कपाटात गेली. बाहेर आली १९९६ मध्ये. तोवर त्यांचा ब्रायन जोन्स जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. लोकांसमोर तो स्टोन्सबरोबर शेवटचा वाजवला तो याच कार्यक्रमात.

म्हणजे काय, काका एकटे नव्हते.

दुसरी गोष्ट रॉकची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसचं एक चर्च, गाणारी अरीथा फ्रँकलिन, दिग्दर्शक सिडनी पोलॅक. तुम्ही मोबाइलवर शूट करता तेव्हा चित्र आणि आवाज एकाच फाइलमध्ये बसतात. तेव्हा तसं नव्हतं. चित्र कॅमेऱ्यातल्या रिळावर, आवाज वेगळ्या टेपवर. दोन्ही जुळवायचे कसे? शॉटच्या सुरुवातीला पाटी टक् करून आपटायची. पाटी मिटलेली दिसते ती फ्रेम आणि टेपवरचा तो 'टक्', दोन्ही एकाखाली एक लावले की ओठ आणि शब्द जुळतात. पोलॅकच्या मंडळींनी नेमकी ही पाटीच नीट वापरली नाही. तासन्‌तासांचं चित्रण, आणि कुठला ओठ कुठल्या शब्दाचा याचा पत्ता नाही! गाण्यांची रेकॉर्ड त्याच वर्षी आली आणि धो धो खपली, सिनेमा मात्र पडून राहिला. पुढं कॉम्प्युटरवर चित्र-आवाज जुळवता आले, तर खुद्द अरीथानं कोर्टात जाऊन तो अडवला. ऑगस्ट २०१८ मध्ये ती गेली, घरच्यांनी होकार दिला, आणि त्याच वर्षी सिनेमा लोकांनी पाहिला. हे बरोबर झालं का? माझं मत अजून दोन्हीकडं हेलकावतंय.

आपल्याकडं काय? १९७२ मध्येच लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन स्वतःची दोन गाणी रेकॉर्ड केली आणि गेले. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. त्रेचाळीस वर्षं! द पोलिस या बँडनं १९८० मध्ये मुंबईत कार्यक्रम केला. त्या जगदौऱ्याची फिल्म १९८२ मध्ये व्हीएचएसवर आली, आणि नव्यानं साफसूफ होऊन डिस्कवर यायला २०२२ साल लागलं.

पण हे सगळे नशीबवान. त्यांचा डबा तरी राहिला. कोल्हापुरात काय झालं ते आठवा. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा बनवला, १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज बघायलाच मिळत नाहीत. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला. त्यात 'मीठ भाकर' जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला, पुन्हा काढला. सिनेमा पुन्हा काढता येतो हो. गायलेली रात्र कशी काढणार?

तर, कॅसेट. मी ती घेऊन एका ओळखीच्या व्हिडिओवाल्याकडं गेलो. त्यानं झाकण उचलून दाखवलं, टेपच्या कडेला पांढरी बुरशी. म्हणाला, "अशीच लावलीस तर प्लेअरचं हेडही जाईल आणि टेपही. आधी साफ करायला लागेल. किती निघेल सांगता येत नाही."

घरी येऊन काकीला विचारलं, करू का? काकांना नको होतं ना.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांना सूर लागला नव्हता म्हणं. मी पुढं सतरंजीवर बसलेले. चांगला लागलेला. साफ करायला किती घेतोय?"

शनिवारी कॅसेट देऊन येतोय.