१२३४५६७८९८७६५४३२१: डोंबिवलीत सुचलेली संख्या आणि हरवणारा शेवटचा १

मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. नऊ वेळा १ दाबा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. उलटं वाचलं तरी तेच. (तुमच्या ॲपमध्ये एवढे आकडे मावले नाहीत का? त्याकडे येतोच.)

यात जादू काही नाही. कागदावर शाळेतला गुणाकार मांडा: एकेक घर डावीकडे सरकलेल्या नऊ ओळी, सगळ्या १ च्या. मधल्या घरात नऊ एक जमतात, शेजारच्या घरांत आठ, मग सात. बेरीज कुठेच ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा वेळा १ घेतला की मध्ये १० होतात, हातचा येतो आणि सगळा डौल बिघडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव द. रा. कापरेकरांनी दिलं. हो, ६१७४ वाले कापरेकर (१९०५-१९८६), नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे. कल्पना सुचली ते जीआयपी रेल्वेवरचं डेम्लो स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नावही त्यांचंच. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं की बरोब्बर १२३४५६७९ चा वर्ग येतो. म्हणजे ही डेम्लो पण आणि हर्षद पण! मला स्वतःला ६१७४ पेक्षा हीच जास्त आवडते.

आता माझ्या कामाची बाजू. हाच गुणाकार जावास्क्रिप्टला साध्या पद्धतीने करायला सांगितला, तर उत्तर ...३२१ ऐवजी ...३२० येतं. तिथे प्रत्येक संख्येला ६४ बिट मिळतात, पण त्यातले अंकांच्या अचूकतेला ५३ च. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे विषम संख्या मावतच नाहीत. आपली संख्या विषम आणि त्याच्या पुढची, म्हणून ती जवळच्या सम संख्येवर ढकलली जाते. एक्सेल तर १५ अंकच धरतं आणि पुढे शून्यं भरतं.

पहिल्या नोकरीत, इथेच संभाजीनगरात, माझ्याकडे ग्राहकांच्या गॅस कनेक्शनची एक शीट आली होती. एलपीजी आयडीही १७ अंकी असतो. शीटमधला प्रत्येक आयडी ०० ने संपत होता! टाइप करणाऱ्याने काहीच चुकवलं नव्हतं. एंटर दाबताच शेवटचे दोन अंक गेले होते. ते परत काढायला सूत्र नसतं, कारण एकेका आयडीला शंभर शक्यता. शेवटी सगळ्यांना पुन्हा फोन लावले.

कार्ड नंबर १६ अंकी, म्हणजे तिथेही शेवटचा अंक शून्य होणार. असले नंबर भरण्याआधी सेलचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा; नंतर करून उपयोग नाही. कोड लिहीत असाल तर आयडी स्ट्रिंगमध्येच ठेवा, त्यांची बेरीज कोण करणार आहे? आणि खरंच गणित करायचं असेल तर जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट आहे, त्यात ...३२१ नीट येतं.