धड, श्वास आणि आपण

मराठी माणूस जिवंत असेपर्यंत त्याला जीव असतो. आत्मा मिळतो तो मेल्यावर. जीव जडतो, टांगणीला लागतो, भांड्यात पडतो, मेटाकुटीला येतो आणि पहाटे उठायचे म्हटले की जिवावर येते. या उलाढालींत आत्म्याचे नाव कुणी घेत नाही. ते निघते दहाव्या दिवशी नदीकाठी, पिंडाला कावळा शिवेना म्हणजे. मग जमलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणतो, आत्मा कशात तरी अडकलाय. वर्तमानपत्रातल्या छोट्या चौकटीत त्याला शांती लाभते, भुताच्या सिनेमात तो अतृप्त राहतो.

अपवाद एकच, जेवणाचा. पुरणपोळी चेपून ढेकर देणारा गृहस्थ पोटावर हात फिरवत आत्माराम गार झाल्याचे सांगतो, तेव्हा आत्म्याचा मुक्काम नेमका कुठे आहे याबद्दल त्याला शंका नसते. शब्दाचा इतिहास काढला तर त्याचे फारसे चुकलेले नाही.

ऋग्वेदात 'आत्मन्' हा शब्द अनेक ठिकाणी भेटतो तो श्वास आणि वारा यांच्या संगतीने. दहाव्या मंडलात प्रेत अग्नीच्या हवाली करतानाचे सूक्त आहे. मेलेल्या माणसाची त्यात वाटणी होते: डोळ्याने सूर्याकडे जावे, आत्म्याने वाऱ्याकडे. ज्याचे त्याला परत. सातव्या मंडलात वरुणाला सांगितले आहे की वारा हाच तुझा आत्मा. श्वासाला जर्मन भाषेत 'आटेम' म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ त्याला आत्मन् शब्दाचा लांबचा भाऊबंद मानतात. 'ॲटमॉस्फिअर' हा शब्दही याच घराण्यातला, असे बरेचजण उत्साहाने सांगतात. तो नाही. त्यातला ग्रीक 'अत्मॉस' म्हणजे वाफ. त्याचे नाते जोडले जाते ते आपल्या वाताशी आणि वायूशी. नुसत्या उच्चारावरून सोयरीक जमवली की असे होते.

खरी सोयरीक प्राणाची आहे. 'अन्' म्हणजे श्वास घेणे. त्याला 'प्र' लागून प्राण झाला. त्याच धातूच्या कुळात लॅटिन 'आनिमा' आणि वाऱ्याचे ग्रीक नाव 'आनेमॉस' येतात. ज्याला प्राण तो प्राणी, ज्याला आनिमा तो 'ॲनिमल'. शाळेतल्या पोराने 'ॲनिमल म्हणजे प्राणी' असे पाठ केले, तर तो नकळत एकाच धातूची दोन रूपे घोकत असतो. लॅटिन 'स्पिरितुस' श्वासातूनच निघाला, ग्रीक 'प्न्यूमा'ही तसाच. हिब्रू 'रुआख' म्हणजे वाराही आणि चैतन्यही, आणि अरबी 'रूह' त्याचीच बहीण. या भाषांनी एकमेकींना विचारून हे ठरवले नव्हते. माणूस गेला की नाही हे पाहायला सगळीकडे एकच उपाय होता: नाकाशी सूत धरायचे.

आत्म्याला या श्वासाखेरीज आणखी एक अर्थ चिकटला, आणि तो फार लोकांना ठाऊक नसतो. यज्ञाची वेदी रचणाऱ्यांच्या भाषेत आत्मा म्हणजे धड.

अग्निचयन नावाच्या यज्ञविधीत पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची वेदी बांधत. तिला दोन पंख, एक शेपूट आणि मधे आत्मा. वेदीच्या भूमितीचे ग्रंथ असलेल्या शुल्बसूत्रांत याची मापे दिली आहेत. हात उंचावून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची म्हणजे एक 'पुरुष', म्हणजे 120 अंगुळे. साडेसात चौरस पुरुषांच्या वेदीत आत्म्याच्या वाट्याला 4 चौरस पुरुष येतात, पंखांना आणि शेपटीला मिळून उरलेले साडेतीन. एका थरात 200 विटा, असे पाच थर, एकूण 1000. म्हणजे आत्म्याचे क्षेत्रफळ काढता येत होते आणि त्याला विटा किती लागतील याचा हिशेबही देता येत होता. तैत्तिरीय उपनिषदात अन्नमय, प्राणमय असे एकात एक कोश सांगितले आहेत. तिथेही प्रत्येक कोशाला पक्ष्यासारखे डोके, उजवा पंख, डावा पंख, आत्मा आणि शेपूट आहे. इतक्या सूक्ष्म चर्चेतही धडाचा अर्थ सुटलेला नाही.

हे ध्यानात ठेवले तर छांदोग्य उपनिषदातली इंद्र-विरोचनाची गोष्ट निराळी दिसते. आत्मा जाणायला देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन असे दोघे प्रजापतीकडे जातात. 32 वर्षे राहिल्यावर प्रजापती त्यांना नटूनथटून पाण्यात पाहायला सांगतो: जे दिसते तोच आत्मा. विरोचन खूश होऊन घरी जातो आणि असुरांना सांगतो, शरीर हाच आत्मा, त्याचीच पूजा करा. इंद्र मात्र अर्ध्या वाटेवर थबकतो. शरीर आंधळे झाले तर आत्माही आंधळा होणार का? तो परत येतो. आणखी 32 वर्षे, पुन्हा 32, शेवटी 5. असा 101 वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करतो, तेव्हा कुठे अशरीर आत्म्याची गोष्ट निघते.

कीर्तनात आणि पाठ्यपुस्तकात विरोचन मूर्ख ठरतो. भाषेच्या कोर्टात मात्र त्याची बाजू मांडायला जागा आहे. त्याने शब्दाचा जुना, वेदी रचणाऱ्यांना रोज लागणारा अर्थ धरला, आणि इंद्राने नवा अर्थ हाती लागेपर्यंत माघार घेतली नाही. ही गोष्ट म्हणजे एका शब्दाच्या अर्थांतराची नोंद आहे.

श्वास आणि धड या दोन्हींना जोडणारा तिसरा अर्थही वेदकाळापासूनच वापरात होता: स्वतः. मराठीला मिळालेला वारसा मुख्यतः या तिसऱ्या अर्थाचा आहे.

बुद्धाने आत्मा नाकारला, हे सर्वांना माहीत असते. सारनाथला पाच भिक्षूंना दिलेल्या दुसऱ्या उपदेशाचा विषयच अनात्म हा आहे. पण पाली भाषेतला 'अत्ता' हा शब्द त्यामुळे हद्दपार झाला नाही. धम्मपदाच्या बाराव्या वर्गाचे नाव 'अत्तवग्ग' आहे, आणि त्यात स्वतःला सावरण्याचे, स्वतःच स्वतःचा आधार होण्याचे सांगणे आहे. नित्य, अचल असा पदार्थ बुद्धाला नको होता. 'स्वतः' या साध्या शब्दावाचून त्याचेही भागले नसते.

आता उच्चाराकडे वळू, कारण मराठीचे नशीब तिथे ठरले. 'त्म' हे जोडाक्षर जिभेला अवघड. त् दातांशी, म् ओठांशी. बोलणारे यांपैकी एकालाच ठेवतात. पालीत आणि बऱ्याच बोलींत दात जिंकले आणि 'अत्ता' झाले. पश्चिमेकडे ओठांची सरशी झाली. ही लढत चालू असतानाचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशी अशोकाच्या आज्ञांचा खडक आहे, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला. त्यातल्या बाराव्या आज्ञेत 'स्वतःचा पंथ' या अर्थाने जो शब्द येतो त्याची सुरुवात 'आत्प' अशी आहे. त्याच आज्ञेत डेहराडूनकडच्या कालसीला हा शब्द 'अत' या रूपाने येतो. गिरनारच्या लेखनिकाच्या तोंडात म् चा प् झाला होता, त् अजून तग धरून होता. पुढच्या पिढ्यांनी तोही गिळला आणि 'अप्पा' झाले. आज्ञेचा मजकूरही वाचण्यासारखा आहे: स्वतःच्या पंथाची वाखाणणी आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा स्वतःच्याच पंथाचे नुकसान करतो. (आज्ञेत पंथासाठी आलेला 'पाषंड' शब्द त्या काळी शिवी नव्हता, त्याचा अर्थ पंथ एवढाच होता.)

महाराष्ट्री प्राकृतात 'अप्पा', 'अप्पाण' ही रूपे रुळली. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिले. त्यात या बदलासाठी केलेल्या सूत्रात त्याने दोनच शब्द एकत्र बसवले आहेत, भस्म आणि आत्मा. दोन्हींत 'म' चा विकल्पाने 'प' होतो, एवढेच त्याचे म्हणणे. व्याकरणकाराला विनोद करायचा नसावा.

सप्त, सत्त, सात. भक्त, भत्त, भात. तसेच आत्मन्, अप्पण, आपण. जोडाक्षर सैल झाले की आधीचा स्वर लांबतो, हा मराठीचा नेहमीचा रिवाज. आपण, आपला, आपोआप, आपसांत, आपुलकी, आपमतलबी ही सगळी आत्म्याची लेकरे. 'आप्त' मात्र यांतला नाही. तो मिळवणे, पोचणे या अर्थाच्या 'आप्' धातूचा.

'आपण' वर मराठीने तीन कामे लादली. तो स्वतःला म्हणतो: आपण बरे, आपले काम बरे. तो समोरच्याला मानाने हाक मारतो: आपण काय घेणार? आणि तो बोलणारा व ऐकणारा यांना एकत्र बांधतो. 'आम्ही जेवायला निघालो' असे यजमान म्हणाले तर पाहुण्याने चप्पल शोधावी. 'आपण जेवायला निघालो' म्हणाले तर त्याच्या पानाचीही सोय आहे. हिंदीतला 'हम' हा फरक दाखवत नाही. गुजराती 'अमे' आणि 'आपणे' दाखवतात. तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' असे दोन 'आम्ही' आहेत, आणि मराठीतला हा भेद दक्षिणेच्या शेजारामुळे पक्का झाला असे अभ्यासक मानतात. मुंबईच्या नाक्यावरचा 'अपुन' मात्र सगळी आवरणे झुगारून पुन्हा एकट्या 'स्व' पाशी गेला आहे. उपनिषदांना बहुधा त्याचा हेवा वाटला असता.

एवढे होईपर्यंत संस्कृत 'आत्मा' पोथीत राहिला आणि प्राकृतातून आलेला 'आपण' घरात. दोघांची गाठ पुन्हा पडली ती तेराव्या शतकात. शके 1212 म्हणजे इ. स. 1290 मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत पहिल्याच ओवीत आत्मरूपाला वंदन आहे. पण पुढे हजारो ओव्यांत 'आपणपें' हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. आपणपें म्हणजे आपण असणे, स्वस्वरूप. जिथे भाष्यकार आत्मा म्हणतील तिथे ज्ञानदेव कितीदा तरी हा घरचा शब्द ठेवतात. ऐकणाऱ्या बाया-माणसांना तो समजावून सांगावा लागला नसेल. दीड हजार वर्षांपूर्वी वेगळे झालेले एकाच आईचे दोन मुलगे एका ग्रंथात शेजारी बसले. मराठीने नंतर 'आपणपें' टाकून दिला, हे तिचे मोठे नुकसान आहे.

नवा प्रश्न समुद्रावरून आला. गोव्यात राशोल येथे 1616 साली इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, भाषा मराठी आणि लिपी रोमी. ख्रिस्ती धर्मोपदेशकांपुढे पेच असा की त्यांच्याकडे दोन शब्द होते. एक माणसाला जिवंत ठेवणारे तत्त्व, दुसरे देवाकडून येणारे चैतन्य. कोंकणी प्रार्थनांत पवित्र आत्म्यासाठी कित्येक पिढ्या पोर्तुगीज शब्दाचीच छाया राहिली. 'पवित्र आत्मो' पुढे रुळला. मराठी बायबलात वाटणी जमली ती अशी: पहिल्याला बहुधा जीव, दुसऱ्याला आत्मा. लूकच्या शुभवर्तमानातल्या मरियेच्या स्तोत्रात हे दोन्ही शब्द लागोपाठ येतात. ग्रीक 'प्न्यूमा' मूळचा श्वास आणि आत्माही मूळचा श्वास, तेव्हा जोडी मुळापाशी जुळली.

विसाव्या शतकात 'आत्म' हा मुख्यतः समासाचा पहिला तुकडा झाला. धोंडो केशव कर्वे यांनी 1915 साली आपल्या आयुष्याची हकीकत छापली, तिचे नाव 'आत्मवृत्त'. त्यात परलोकाचा संबंध नाही. 'आत्म' म्हणजे स्वतःचे. आत्मविश्वास, आत्मपरीक्षण, आत्महत्या, सगळीकडे तेच. याच शतकात आत्म्याला महाराष्ट्रात समोरासमोर जाबही विचारला गेला. बाबासाहेब आंबेडकरांच्या, त्यांच्या पश्चात 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात हा प्रश्न उघड मांडला आहे: आत्माच नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म कशाच्या आधारावर? त्याआधी नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 रोजी बौद्ध धम्म स्वीकारताना घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान सोडण्याची एक होती. ती पाळणाऱ्या घरांत आता कावळ्याची वाट पाहत नाहीत. निमंत्रणपत्रिकेवर जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असे शब्द असतात.

आत्मा शब्दाची सर्वांत अलीकडची नेमणूक सरकारी आहे. कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'आत्मा' होते. शेतकऱ्यांच्या शेतीशाळा, अभ्यास-दौरे आणि गट-नोंदणी या यंत्रणेकडे असतात. महाराष्ट्रात शेतकरी गटाचा अर्ज घेऊन कृषी खात्यात गेले तर दारावर पाटी दिसते: प्रकल्प संचालक, आत्मा.