पाणी किती घालायचं?

आजचा विषय तुमच्या-माझ्या रोजच्या हातातला आहे. पीठ भिजवायचं कसं, मळायचं किती आणि त्यात पाणी किती घालायचं? लग्न होऊन नव्या घरात गेलेल्या प्रत्येकीने हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला असतो, आणि प्रत्येकीला एकच उत्तर मिळालेलं असतं: "अंदाजाने घाल."

या अंदाजालाही इतिहास आहे, आणि त्याचा एक मोठा तुकडा आपल्या मीरा-भाईंदरच्या मातीतला आहे. पण आधी घरातली गोष्ट सांगते.

माझं लहानपण भाईंदर पश्चिमेच्या एका चाळीत गेलं. शेजारी उत्तनहून आलेलं ख्रिस्ती कोळी कुटुंब होतं. नाताळला तिथली मावशी आमच्याकडे ताट पाठवायची. ताटावर विणलेला पांढरा रुमाल आणि रुमालाखाली गोल, तपकिरी, हलके फुगे. खायचे फुगे बरं का! आजी ताट हसून घ्यायची, रिकाम्या ताटात साखर घालून परत पाठवायची, आणि ते फुगे देवळाजवळच्या गाईला जायचे. "आपल्याला नाही चालत," एवढंच ती सांगायची. का चालत नाही, असं विचारलं की विहिरीची गोष्ट निघायची. फिरंग्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्याले आणि अख्खा गाव बाटला. वसईपासून गोव्यापर्यंत ही गोष्ट घराघरात सांगतात. तिच्यात खरं किती, ते बाजूला ठेवू. पण पिठाच्या एका गोळ्याने माणसाची जात बदलते, असं लोक मानत होते एवढं तिच्यावरून कळतं.

दुसरं कारण आजी हळू आवाजात सांगायची: "पाव पायाने मळतात, म्हणून तो पाव." हे तुम्हीही ऐकलं असेल. पण शब्दाचा उगम तसा नाही. पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. त्यांच्याकडे भाकरीला 'पांव' म्हणतात, शेवट नाकातून उच्चारून. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही शब्द त्यांचाच. पाय मात्र पूर्वी खरोखर वापरत, आणि तेही आपल्याकडेच असं नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी हिरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तच्या लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे की हे लोक पीठ पायाने मळतात आणि चिखल हाताने. मणभर पीठ दोन हातांनी कोण मळणार? यंत्र येण्याआधी अंगाचं वजन हेच यंत्र होतं.

पोर्तुगीजांना १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि तिच्याभोवतीचा मुलूख मिळाला. उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरी ही गावं त्या मुलखात आली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने आधी उत्तनजवळचा धारावी किल्ला घेतला आणि मे महिन्यात वसई घेतली. म्हणजे दोनशे वर्षं हा किनारा पोर्तुगीजांकडे होता. एवढ्या काळात स्वयंपाकघर बदलणारच. मिरची आली, बटाटा आला, काजू आला आणि पाव आला.

पण पावापुढे इथे दोन अडचणी होत्या. पहिली धान्याची. आपला किनारा भाताचा, गहू बाहेरून आणायचा. चर्चमधल्या पवित्र भाकरीला मात्र गहूच लागतो, तांदूळ चालत नाही. त्यामुळे महाग पडला तरी गहू येत राहिला. दुसरी अडचण खमिराची. पीठ फुगवायचं कशाने? युरोपात बिअरचा फेस किंवा शिळं आंबट पीठ वापरत. इथे ते कुठून आणणार? उत्तर समोरच उभं होतं, ताड आणि माड. झाडावरून उतरवलेली नीरा पहाटे गोड असते. ऊन चढलं की काही तासांत ती फसफसते आणि तिची ताडी-माडी होते. त्या फेसातले सूक्ष्म जीव साखर खातात आणि वायू सोडतात. तोच वायू पिठात अडकला की पीठ फुगतं. गोव्यात आणि आपल्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या पाव फुगला तो या ताडी-माडीवर.

आता अडकला म्हणजे कशात अडकला? इथे मळण्याची खरी गोष्ट सुरू होते.

आपल्या किनाऱ्यावरच्या बायांना तांदळाचं पीठ माहीत होतं. तांदळाच्या पिठात गार पाणी घालून कितीही मळा, गोळा ताणला की तुटतो. म्हणून आपण उकड काढतो. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो, मग गरम असतानाच हात पोळत ते मळायचं आणि भाकरी थापायची. गव्हाची तऱ्हा निराळी. गव्हात जी प्रथिनं आहेत ती पाणी मिळालं की एकमेकांना धरतात, आणि मळत गेलं की त्यांचं चिवट जाळं तयार होतं. त्याला ग्लूटेन म्हणतात. इटलीतल्या बेक्कारी नावाच्या विद्वानाने कणीक पाण्यात धूत धूत हा चिवट पदार्थ वेगळा काढला. त्याचं हे काम १७४५ मध्ये छापून आलं. ताडीच्या फेसात जिवंत काय असतं, ते कळायला लुई पाश्चरची वाट पाहावी लागली, म्हणजे १८५७ नंतरचा काळ. उत्तन-वसईच्या बाया मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून या दोन्ही गोष्टी हाताने ओळखत होत्या. एका चुलीवर उकड, दुसरीकडे आंबवलेलं पीठ. एकाला कढत पाणी आणि घाई, दुसऱ्याला कोमट पाणी आणि वेळ.

फुग्यांचं पीठ हे या सगळ्यात अवघड. त्यात मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर, मीठ आणि ताडी. मीठ आपल्या भाईंदरच्या मिठागरांतलंच! मीठ नुसत्या चवीला नसतं. ते पिठाचं जाळं घट्ट करतं आणि खमिराला जरा आवर घालतं. हे पीठ पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नसतं. भांड्यात हाताने फेटायचं, खालून उचलून वर आपटायचं, पुन्हा उचलायचं. दंड भरून येतात. मग झाकून काही तास ठेवायचं. तळताना मुठीत पीठ घ्यायचं आणि अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून पिळून गोळा तेलात सोडायचा. पीठ घट्ट असेल तर मुठीतून निघत नाही, आणि निघालं तरी आत गच्च राहतं. सैल असेल तर तेलात पसरतं. लग्नघरात शेकड्यांनी फुगे तळायचे तेव्हा वाडीतल्या बाया एकत्र बसायच्या, आणि पीठ झालं की नाही हे त्यांच्यातली सर्वांत म्हातारी ठरवायची. बेकरीचा पाव पुरुषांच्या हातचा, फुगे बायकांच्या हातचे.

आता मुंबई-पुण्याकडे जाऊ. तिथे त्याच पावाने काय केलं ते पाहा. मुंबईत १८४९ मध्ये परमहंस मंडळी नावाची गुप्त सभा निघाली. दादोबा पांडुरंग तिच्या संस्थापकांपैकी एक. जातिभेद मोडायचा ही प्रतिज्ञा, आणि सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. एक घास पाव म्हणजे जातीबाहेर पाऊल! सभासदांची नावं फुटली आणि मंडळी मोडली. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी ही नावं पुणेवैभव पत्रात छापवली. त्यावरून ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाबद्दल लिहिलं आहे. माझ्या आजीचं "नाही चालत" हे एकटीचं नव्हतं, असं मला ते वाचताना वाटलं.

पावाच्या पिठाला कायद्यानेही धरलं. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला आणि ताडी-माडीच्या धंद्यावर सरकारचा हात घट्ट झाला. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच्या व्याख्येत ताडीसुद्धा दारूच. म्हणजे नाताळच्या पिठात घालायची वाटीभर ताडीही कायद्याच्या कक्षेत आली. दुकानात मिळणारं यीस्ट सोयीचं होतं, वर्षभर मिळायचं आणि फळ नेहमी सारखं द्यायचं. हळूहळू घरोघरी तेच आलं. आमची मावशी म्हणायची, यीस्टने पीठ लवकर फुगतं, पण ताडीचा तो आंबूस-गोड वास येत नाही.

दरम्यान पाव मात्र सगळ्यांचा झाला. इराणी बेकऱ्या आल्या, गिरणगावात उसळ-पाव आला, पुढे वडापाव आला. १९६५ मध्ये सरकारने स्वतःच मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि कागदात गुंडाळलेले काप घरी येऊ लागले. आजारी माणसाला डॉक्टर चहा-पाव सांगू लागले. ज्याने गाव बाटला म्हणायचे, तो पथ्याचा झाला.

आजीचंही तसंच झालं. दात गेले, तेव्हा ती सकाळी चहात पाव बुडवून खायला लागली, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. एका नाताळाच्या आधी ती आपण होऊन म्हणाली, "तिला म्हणावं, या वेळी इथेच कर. मला बघायचंय." मावशी आली. आमच्याच परातीत मैदा घेतला आणि नारळाचं दूध घालत फेटायला लागली. आजी स्टुलावर बसून बघत होती. मध्येच तिने पिठात बोट बुडवून वर उचललं आणि म्हणाली, "घावनापेक्षा घट्ट, वड्यापेक्षा सैल."

मावशी थांबली. म्हणाली, "बरोबर. माझी सासू पण असंच कायतरी सांगायची." आणि मग हात न थांबवता, अगदी सहज, "इतकी वर्षं गाय खायची ना?"

आजीने उत्तर दिलं नाही. तिने पदर खोचला, हात धुतले आणि परात आपल्याकडे ओढली. फार वेळ तिला फेटता आलं नाही, पण जेवढं आलं तेवढं तिने फेटलं. त्या दिवशीचे फुगे घरातच संपले. मावशीला सगळं माहीत होतं आणि तरी ती दर वर्षी रुमाल घालून ताट पाठवत होती, हे मला त्या दिवशी कळलं. तेवढी वर्षं आम्ही काय गमावलं, ते कळायला आणखी वेळ लागला.

मैत्रिणींनो, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देते आणि थांबते. पावाच्या पिठाला एक किलो मैद्यामागे साधारण सहाशे मिलिलिटर पाणी धरा. कणीक घेतली तर कोंड्यामुळे थोडं जास्त. पावसाळ्यात पीठ आधीच दमट असतं, तेव्हा थोडं कमी. सगळं पाणी एकदम ओतू नका, शेवटची वाटी हातात राखून ठेवा. पीठ सुरुवातीला हाताला चिकटेल. घाबरून वर कोरडं पीठ टाकू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग मळा. छोटा गोळा दोन्ही हातांनी हळू ताणून बघा. न फाटता पातळ पापुद्रा झाला आणि त्यातून उजेड दिसला की पीठ झालं. फुगून आल्यावर बोटाने दाबा. खळगा हळूहळू भरून येत असेल तर भाजायला घ्या. लगेच उसळून वर आला तर अजून वेळ द्या.

आणि अंदाज हवा असेल, तर शेजारच्या म्हातारीला बोलवा. पिठात तिचं बोट बुडवू द्या.