कोंबडीचा किडा कायद्यात कसा अडकला?

कोंबडी उकिरडा उकरून किडे टिपते, यात नवल ते काय? पण युरोपियन युनियनमध्ये किड्यांचं पीठ पोल्ट्रीच्या खाद्यात घालायला २०२१ पर्यंत बंदी होती. आणि मूळ कारण होतं गाय!

१९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मॅड काऊ’ रोग ओळखला गेला. गुरांना मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांचा भुगा चारल्यामुळे तो पसरला. पुढे माणसंही दगावली. २००१ मध्ये युरोपियन युनियनने पाळीव जनावरांच्या खाद्यातली बहुतेक प्राणिज प्रथिनं बंद केली. त्यात किडेही गेले. कोंबडीची भिस्त सोयापेंडीवर आली.

२०१७ मध्ये मत्स्यपालनाला सूट मिळाली, २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांना. मग अंडी सुधारली का? इटलीतल्या एका प्रयोगात सोयापेंड पूर्ण काढून ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांचं पीठ दिलं. बलक जास्त लालसर झाला, पण कोंबड्यांनी कमी खाल्लं, अंडी कमी घातली, अंड्यांचं सरासरी वजनही घटलं. म्हणजे किडा म्हणजे जादू नव्हे. प्रमाण सांभाळावं लागतं.

मला मात्र एक अट फार बोलकी वाटते. या अळ्यांना शेण किंवा हॉटेलातलं खरकटं चारायला आजही मनाई आहे. किडा परत आला, पण उकिरड्यावरचा नाही. मॅड काऊची धास्ती अजून गेलेली नाही.